सागवानी पल्ल्यांवर जुन्या वॉर्निशवरूनच वॉलनट स्टेन लावला, चार दिवस झाले वाळूनच नाही राहिला

काळीमाती (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. शेती करतो, सुतारकामातलं फार कळत नाही. घरच्या आलमाऱ्यांचा प्रश्न आहे म्हणून विचारून राहिलो, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

घर आमचं १९८९ चं. बाबांनी धुऱ्यावरचे दोन साग परवानगी काढून तोडले, आरामशीनवर चिरून आणले आणि गावातल्याच मिस्त्रीला ओसरीत बसवून सगळं काम करून घेतलं. स्वयंपाकघरात ओट्याखाली सहा पल्ले, वर भिंतीत चार, आणि मधल्या खोलीत एक मोठी भिंतीतली आलमारी, माझ्या डोक्याच्याही वर जाते एवढी. पल्ले सागवानाचे आणि चौकटी बाभळीच्या, कारण साग पुरला नाही असं बाबा सांगतात. पॉलिश मिस्त्रीनंच केलं होतं. नंतर बहिणीच्या लग्नाच्या वेळी पेंटरने स्वयंपाकघरातल्या पल्ल्यांवर वॉर्निशचे दोन हात मारले, मोठ्या आलमारीला मात्र तेव्हा हात लावला नाही. आता स्वयंपाकघरातले पल्ले पिवळेकाळे पडले, मुठीजवळ तर हाताचे डागच डाग.

तुळशीच्या लग्नानंतर लहान भावाचा साक्षगंध घरीच आहे. घरच्यांचं म्हणणं की स्वयंपाकघर गडद वॉलनट कलरचं करायचं. तालुक्यातून अर्धा लिटर वॉलनट स्टेन आणला, दुकानदार म्हणाला थोडं घासून वरून मारून द्या. एका पल्ल्याला काचपेपर फिरवला, ब्रशनं दोन हात दिले. आज चौथा दिवस, बोट लावलं की बोटाला येते, ब्रशच्या रेघा तशाच दिसतात, कोपऱ्यात तर गोळा होऊन बसला. चौकटीच्या एका तुकड्यावर लावून पाहिला तर तो कोळशासारखा काळा झाला. आता याच्यावर अजून एक हात मारू की सगळं काढू? सोयाबीन सोंगणीला आली आहे, त्यामुळे हाताशी दिवस थोडेच आहेत.

---

रंधापटाशी (परतवाडा)

भाऊ, पहिले तं तिसरा हात मारू नोका, अन् वाळत नाही म्हणून पल्ला उन्हातही ठेवू नोका. माह्यं सगळं आयुष्य याच कामात गेलं, परतवाड्याच्या लाकूड डेपोच्या आजूबाजूलेच मोठा झालो, म्हणून सांगतो. तुमचा डबा काही खराब नाही. स्टेन म्हंजे पेंट नाही, थो लाकडाच्या नसात शिरून बसते. तुमच्या पल्ल्यावर वॉर्निशची कातडी हाय, मंग थो शिरन कुठून? वरच्या वर तरंगून राहिला. त्या डब्यात रंग लय असते अन् रंगाले धरून ठेवणारा माल कमी, म्हणून जाड थर राहिला की चिकचिकच राहते. अन् स्टेन ब्रशनं लावला तरी पाच-दहा मिनिटात कपड्यानं पुसून घ्या लागते, पुसल्यावर जेवढा लाकडात राहिला तेवढाच आपला. हे दुकानात कोणी सांगत नाही.

आता डबड्यावर पातळ करायले काय लिहिलं थे वाचा. टर्पेंटाईन लिहिलं असन तं जुनं सुती धोतर टर्पेंटाईनमधे भिजवून पुसून काढा, पूर्ण निघून जाईन, खालचं वॉर्निश दिसन. चौकटीवरचाही तसाच पुसा, जेवढा निघते तेवढा.

मंग खाली कोणतं पॉलिश हाय थे ओळखा, त्याच्याशिवाय पुढं जाऊ नोका. बिजागरीजवळ न दिसणारी जागा पाहा, कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून एक-दोन मिनिट दाबून धरा. पॉलिश चिकट झालं अन् बोळ्याले तपकिरी रंग लागला तं थे लाखेचं. स्पिरिटानं काहीच नाही झालं तं दुसऱ्या जागेवर थिनरचा बोळा धरा, विरघळलं तं एनसी लॅकर, म्हंजे थिनरवालं झटपट वाळणारं पॉलिश. थिनरनं सुरकुतलं किंवा काहीच नाही झालं तं तेलाचं वॉर्निश नाही तं पीयू, म्हंजे पॉलीयुरेथेनचं कडक पॉलिश. १९८९ मधे गावच्या मिस्त्रीनं केलं म्हंजे माह्या अंदाजानं चपडा अन् स्पिरिटच असन, तवा सगळे थेच करत. पळसावर, बोरावर, कुसुमावर जो लाखेचा किडा बसते त्याच्यापासूनच थो चपडा होते. तसं असन तं मोठ्या आलमारीचं काम लय सोपं हाय. करून पाहा अन् मले सांगा.

---

चुलीवरची_भाकर (आर्वी)

दादा, मी मागच्या वर्षी माझं स्वयंपाकघर स्वतः केलं, सुतार मिळाला नाही म्हणून. रंधापटाशी काकांनी पॉलिशचं सांगितलंच आहे, मी फक्त त्याच्या आधीचं सांगते कारण तिथंच मी चुकले होते.

आपल्या स्वयंपाकघरातल्या पल्ल्यांवर फोडणीच्या तेलाचा थर असतो, चूल असेल तर वरून काजळी. तो न धुता काचपेपर मारला तर पेपर दोन मिनिटात भरून जातो आणि तेल घासून घासून लाकडात जाते, मग तिथं स्टेन पकडत नाही. आधी धुवा. पण मी धुण्याचा सोडा गरम पाण्यात टाकला आणि सागवान जागोजागी काळवंडलं, सोड्यानं लाकूड काळं पडते हे मला नंतर कळलं. म्हणून कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड घ्या, कपडा पिळून पुसा, मग साध्या पाण्याच्या कपड्यानं दोनदा पुसा, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. खिळ्यांच्या भोवती काळे डाग असतील तर ते लोखंडाचे असतात, ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं जातात, पण ते विषारी आहे, लेकरांपासून लांब ठेवा आणि नंतर लाकूड साध्या पाण्यानं नीट पुसून घ्या. तारेच्या घासणीनं ओलं लाकूड घासू नका, तिचे बारीक कण अडकतात आणि पुन्हा तसेच काळे ठिपके येतात.

पल्ले काढूनच काम करा, उभ्या पल्ल्यावर ओघळ येतात. काढताना बिजागरीच्या खाली पेन्सिलनं नंबर टाका आणि तोच नंबर चौकटीवर. जुन्या घरातल्या चौकटी काटकोनात नसतात, एका जागेचा पल्ला दुसरीकडे बसत नाही, माझे दोन दिवस त्यातच गेले.

रिमूव्हर लावायचा असेल तर अंगणात लावा, घरात बिलकुल नाही. डब्यावर मेथिलीन क्लोराईड लिहिलं असेल तर त्याची वाफ शरीरात जाऊन रक्तात कार्बन मोनॉक्साइड तयार होते, बंद खोलीत माणसं दगावलेली आहेत. जाड रबरी हातमोजे घाला, हातावर थेंब पडला की चर्र करते. जाड थर द्या, वरून प्लास्टिक झाका म्हणजे लवकर सुकत नाही, वीसेक मिनिटात वॉर्निश फुगून वर येते, मग बोथट पत्तीनं नसेच्या, म्हणजे लाकडातल्या रेषांच्या, दिशेनं ओढा. राहिलेलं थिनरच्या कपड्यानं पुसा.

आणि एक विचारायचं राहिलं, सगळे पल्ले भरीव सागवानाचेच आहेत ना? माझे वरचे दोन पल्ले प्लायचे होते, वरून सागाचा पातळ पापुद्रा. मी भाड्याच्या मशीनवर ८० नंबरचा (जाडाभरडा) पेपर लावून फिरवला, अर्ध्या मिनिटात पापुद्रा जाऊन आतली प्लाय दिसायला लागली. तो पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ते दोन पल्ले मला नवीन करावे लागले, अजूनही डोळ्यात सलतात. पल्ल्याची कड पाहा, नस कडेवरून खाली उतरताना दिसली तर भरीव.

---

संत्राबाग (काटोल)

एवढं सगळं काढायची गरज आहे का? आमच्याकडे एका पेंटरने जुन्या वॉर्निशला फक्त २२० पेपर मारला आणि वरून रंगाचं वॉर्निश मारलं, म्हणजे ज्याच्यात वॉलनट शेड आधीच मिसळलेली असते ते. दोन दिवसात पूर्ण घर झालं. साक्षगंधाला वेळ कमी आहे म्हणून सांगितलं.

---

रंधापटाशी

संत्राबाग भाऊ, तुमचं म्हणणं चूक नाही, रंगाच्या वॉर्निशमधे रंग थरातच अडकून राहते म्हणून थे जुन्या थरावर वाळते. पण त्याच्यासाठी खालचा थर घट्ट पाह्यजे. या भाऊच्या पल्ल्यावर खाली लाख असन, वर वॉर्निश, मुठीजवळ सगळं उललेलं, त्याच्यावर नवीन थर दिला तं वर्षा-दोन वर्षात खालच्यासकट पापुद्रे निघतीन. अन् कडा घासल्या की गडद थराखालून पिवळी रेघ दिसते. रंगही जेवढा गडद तेवढी नस झाकते. धुऱ्यावरचा साग तोडून बापानं केलेले पल्ले हायेत भाऊ, प्लाय असती तं मी बी म्हणलो असतो मारून टाका.

---

काळीमाती

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस शेतात होतो, आज सकाळी सगळं करून पाहिलं.

टर्पेंटाईननं पल्ल्यावरचा स्टेन पूर्ण निघाला, कोपऱ्यातला काढायला काडीला कापूस गुंडाळावा लागला. मोठ्या आलमारीला स्पिरिटचा बोळा लावला तर मिनिटभरात चिकट, बोळा चहासारखा तपकिरी. म्हणजे काका म्हणाले तसं लाखच. स्वयंपाकघरातल्या पल्ल्यांना बाहेरून स्पिरिटानं काही झालं नाही, थिनरनं सुरकुतलं. पण त्याच पल्ल्याच्या आतल्या बाजूला पेंटरने वॉर्निश मारलंच नव्हतं, तिथं स्पिरिटानं चिकट झालं. ताई, कडा पाहिल्या, सगळे भरीव आहेत. आलमारीच्या आतून मात्र हिरवा ऑइलपेंट आहे, तोही १९८९ चाच असेल. तो घासू का?

आता पुढं स्टेन कसा, किती, वरून काय मारायचं ते सांगा. आणि ती बाभळीची चौकट काळी का झाली?

---

रंधापटाशी

आता बरोबर गाडी रस्त्यावर आली. एकेक सांगतो.

हिरवा पेंट कोरडा घासू नोका. त्या काळच्या ऑइलपेंटमधे शिसं असू शकते. पेंटमधल्या शिशाले ९० पीपीएमची (दहा लाख भागात ९०) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात, तुमचा पेंट त्याच्या लय आधीचा. आतून हाय, दिसत नाही, चांगला असन तं तसाच राहू द्या. उललाच असन तं पाण्याचा पेपर ओला करून घासा म्हंजे धूळ उडत नाही, अन् थो लगदा पुसून कागदात गुंडाळून टाका, अंगणात लेकरं-कोंबड्या फिरतात तिथं सांडू नोका.

मोठ्या आलमारीले रिमूव्हर नाही लागत. स्पिरिट अन् जाड सुती कपडा, थोडी थोडी जागा घेऊन ओली करा, मऊ झालं की पुसा, कपडा फिरवत राहा, घाणेरड्या बाजूनं पुसलं तं तीच लाख परत चोपडली जाते. स्पिरिट पेट घेते, जवळ चूल-बिडी नको. स्वयंपाकघरच्या पल्ल्यांचं ताईनं सांगतलं तसं रिमूव्हरनं वॉर्निश काढा अन् मंग खालची लाख स्पिरिटानं.

घासताना १०० नी सुरू करा, मंग १२० अन् १८० वर थांबा. लोकं ३२० पर्यंत गुळगुळीत करतात, तेवढं केलं तं लाकडाचे तोंडं बंद होतात अन् स्टेन फिका बसते. नेहमी नसेच्या दिशेनं. आडवी एक रेघ राहिली तरी स्टेन तिच्यात भरते अन् थे रेघ शेवटपर्यंत दिसते. सगळं झालं की थिनरच्या कपड्यानं पुसा. सागवानात सोताचं तेल असते, त्याच्यानं तं पाण्यापावसात टिकते, पण तेच तेल नवीन पॉलिशले पकडू देत नाही. पुसून वाळलं की त्याच दिवशी पुढचं काम करा, नाही तं तेल परत वर येते.

स्टेन पहिले पल्ल्याच्या पाठीमागं लावून पाहा. वॉलनट एक भाग अन् त्याचंच पातळ करायचं एक भाग, असा अर्धा करून सुरू करा. कपड्याच्या बोळ्यानं लावा, पाच मिनिटात पुसा, कमी वाटला तं दुसऱ्या दिवशी परत. जास्त झालेला मागं घेता येत नाही. बाभळीचं लाकूड मुळातच लाल-तपकिरी अन् घट्ट, त्याच्यावर गडद स्टेन म्हंजे काळाच दिसन. तिले वॉलनट लावूच नोका, नुसतं वरचं पॉलिश द्या, माह्या अंदाजानं वॉलनटच्या सागाशेजारी बाभूळ तशीच जुळून येईन. कुठं डागाडागानं स्टेन प्यायला असं वाटलं तं पीयूचं सीलर (पॉलिशखालचा अस्तराचा थर) अर्धं थिनर घालून एक पातळ हात आधी द्या, मंग सगळीकडं सारखा पिते.

वरून, स्वयंपाकघरात पीयू. लाख तिथं नको, गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग अन् साबणाच्या पाण्यानं उतरते. साध्या चपड्यात मेण असते, त्याच्यावर पीयू धरत नाही, म्हणून म्हणलं खालची लाख पूर्ण काढा. सीलरचा एक हात, वाळला की ३२० नी हलकं घासून पीयूचे दोन हात. दोन डब्यांचं असते, हार्डनर घालून लागन तेवढाच माल मिसळा, उरलेलं काही तासात दगड होते. फवारणीचा गन असन तं तोंडाले नुसता गमछा पुरत नाही, गॅसचा मास्क पाह्यजे. मेलामाईन बी चालते पण वास लय दिवस राहते.

मोठ्या आलमारीले परत चपडाच द्या. एक लिटर स्पिरिटात शंभर-सव्वाशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर, लोखंडाच्या डब्यात केलं तं काळपट होते. सकाळी पातळ कपड्यातून गाळा. कपड्यात कापूस बांधून बोळा करा, लांब हात मारा, मधे थांबू नोका. सहा-सात पातळ हात.

वेळ सांगतो. आता पाऊस उघडला हाय, हे दिवस चांगले. ओल्या हवेत लाख अन् लॅकर पांढरट होते, अन् मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत ब्रश उचलायच्या आत वाळते, बुडबुडे राहतात. सकाळी दव वाळल्यावर आठ ते अकरा. संध्याकाळी लाईटखाली बिलकुल नाही, सोयाबीनच्या दिवसात जे किडे येतात थे सगळे ओल्या पॉलिशवर चिकटतात.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणून शेवटी लिहितो. तेलाच्या स्टेनचे अन् जवसाच्या तेलाचे कपडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नोका. थे वाळताना सोताच गरम होतात अन् ढिगात पेट घेतात, आगपेटी नाही लागत. आता थोड्या दिवसात तुमच्या घरात कापूस येईन. एक बोळा त्या गंजीजवळ राहिला तं घर जाईन भाऊ. काम झालं की कपडे पाण्याच्या बादलीत टाका, नाही तं एकेक कपडा अंगणात तारेवर मोकळा वाळू घाला. माह्या डोळ्यानं मी एक सुतारखोली जळताना पाह्यली, म्हणून हे दहादा सांगतो.

---

चुलीवरची_भाकर

काकांचं कपड्याचं सगळ्यांनी वाचा. मी जवसाचं तेल लावलं होतं आणि कपडे मोरीत टाकून झोपायला गेले होते, मला हे माहीतच नव्हतं. आणि कोणी जवसाचं तेल लावणार असेल तर घाण्यावरचं खायचं तेल लावू नका, ते आठ-आठ दिवस वाळत नाही, लाकडासाठी डबल बॉईल्ड म्हणून मिळते ते घ्या.

---

काळीमाती

काका, बारा दिवसांनी लिहितो आहे, सोंगणी झाली, थ्रेशर व्हायचं आहे.

पहिले मोठी आलमारी घेतली. स्पिरिटानं लाख निघाली तसं खालचं लाकूड दिसायला लागलं आणि मी घरच्यांना हाक मारून बोलावलं. घासल्यावर पहिल्या दिवशी ठिगळं ठिगळं वाटत होतं, कुठं हिरवट कुठं तपकिरी, मला वाटलं बिघडवलं. दोन दिवस ओसरीत उजेडात ठेवलं तर सगळं एकसारखं सोनेरी झालं. पल्ल्याच्या वरच्या कडेवर, जिथं कोणी पाहत नाही, तिथं मिस्त्रीची पेन्सिल सापडली, मापं लिहिलेली आणि बाजूला "उजवा". ते मिस्त्री आता नाहीत. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि बराच वेळ तिथंच बसून राहिले. तेवढी कड मी घासली नाही, वरून फक्त चपडा दिला.

आलमारीला स्टेन लावायचा नाही असं ठरलं, आईनंच सांगितलं. २०२३ मधे अयोध्येच्या मंदिराच्या दरवाज्यांसाठी आपल्या बल्लारपूरहून सागवान गेलं होतं ते बातम्यांत पाहिलेलं तिच्या लक्षात होतं, ती म्हणाली तिकडं आपला साग एवढा मानानं नेतात आणि आपण घरचा काळा करून राहिलो.

स्वयंपाकघरातले पल्ले वॉलनटच केले, बायकोची पहिल्यापासूनची इच्छा होती आणि तिथं ते चांगलेही दिसते. अर्ध्या मापानं एकच हात पुरला, दुसरा द्यायची गरज पडली नाही. सहापैकी चार झाले, पीयूचा दुसरा हात परवा दिला. एका पल्ल्यावर मुठीजवळ टिकलीएवढी जागा फिकी राहिली, तिथं जुनं तेल असावं. ते पुन्हा थिनरनं पुसून तेवढ्याच जागेवर स्टेन द्यायचा की पूर्ण पल्ला परत काढावा लागेल? त्यावर पीयू अजून दिलेला नाही.

---

रंधापटाशी

पीयू नाही दिला तं पूर्ण काढायची गरज नाही. थिनरनं पुसा, वाळू द्या, १८० चा पेपर बोटावर गुंडाळून तेवढ्याच जागेवर नसेच्या दिशेनं चार-पाच हात, अन् बारीक ब्रशनं स्टेन. कडा लगेच कोरड्या कपड्यानं पुसून आजूबाजूले मिळवून घ्या. मूठ बसल्यावर थे जागा अर्धी झाकूनच जाईन.

बाबांले माह्या नमस्कार सांगा. चौकटीचा फोटो टाकजा.

---

काळीमाती

सांगितला काका. चौकटीचा फोटो उद्या टाकतो, आज सकाळपासून लाईन नाही, मोबाईल बंद व्हायला आला.